लॉकवाल्या साहेबांस, स. न. वि. वि.

प्रति,
मराठी फॉन्टला लॉक घालणारे साहेब,

आपलं लॉक माझ्याकडे सुखरूप आहे. काडेपेटीएवढं, करडं, पंचवीस पिनांचं. जुन्या कॉम्प्युटरच्या पाठीमागे प्रिंटरच्या पोर्टात ते इमानेइतबारे बसून होतं. मदरबोर्ड गेला, नवा कॉम्प्युटर आला आणि त्याला तसलं पोर्टच नाही. आपल्या सॉफ्टवेअरची सीडी आहे, बिल आहे, बिलावर शिक्काही आहे. स्क्रीन म्हणते, लॉक सापडलं नाही.

आपल्या मदतकेंद्रातल्या ताई फार गोड बोलल्या. "सर, यूएसबीचा कन्व्हर्टर लावून बघा." लावला. तो फक्त प्रिंटरशी बोलतो. आपलं सॉफ्टवेअर मात्र 378 या पत्त्यावर थेट पोर्ट शोधायला जातं, तिथे आता कोणी राहत नाही. वेगळं कार्ड बसवलं तर त्याला पत्ता दुसराच मिळाला. मग ताईंनी ठेवणीतलं वाक्य काढलं: यूएसबी लॉक मिळेल, नव्या आवृत्तीसोबत, नव्या किमतीत. जुनं लॉक जमा करायचं, त्याचे पैसे वळते होणार नाहीत.

पैशाचं जाऊ द्या. वडिलांच्या आठवणी मी आपल्या फॉन्टमध्ये टाइप केल्यात. आपल्या फॉन्टमध्ये 'अ' हा 'अ' नसतोच. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी आकार बसवलेला असतो. फॉन्ट काढला की वडिलांच्या जागी टिंबं-टोप्या घातलेली रोमन अक्षरं. म्हणून फॉन्टच्या फाइली नव्या मशीनवर आणल्या. मजकूर दिसला! पानशेतच्या पुराच्या प्रकरणात 'जून 1961' पडलंय, तिथे 'जुलै' हवं. एक शब्द. तो बदलता येत नाही, कारण मराठी कीबोर्ड चालवणारा प्रोग्राम लॉक मागतो. सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे 'अ' जिथे 'अ'च असतो तिथे, न्यावं म्हटलं, तर त्यासाठीचा कन्व्हर्टरही आपलाच आणि त्याच लॉकच्या आत. अहो, मजकूर माझा, बाप माझा, आणि जूनचं जुलै करायला परवानगी तुमची?

गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सवाला आहे. त्याच्याकडे आपलंच सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर आहे, लॉक तोडलेलं. कुठल्याही मशीनवर चालतं, लग्नपत्रिका धडाधड निघतात. म्हणजे आपलं लॉक लागलं ते बिल घेणाऱ्यालाच.

तरी धड चिडताही येत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 सालीच आली, पण घरच्या विंडोजमध्ये ती यायला 2001ची एक्सपी उजाडावी लागली. मधल्या काळात एकेक जोडाक्षर घडवलंत ते तुम्ही लोकांनी. आणि आम्ही काय केलं? एकाने विकत घ्यायचं आणि ओळखीतल्या सगळ्यांनी फ्लॉपीवर उतरवून न्यायचं. लॉक घातलं नसतंत तर कारागिरांचे पगार कुठून दिले असतेत, हे मलाही सांगता येणार नाही.

पण ती आवृत्ती तुम्ही आता विकतच नाही. मग तिचं लॉक आज कशाची राखण करतंय? बिलाचा नंबर विचारा, हवं तर हे लॉक कुरिअरने परत घ्या, आणि जुन्या ग्राहकांसाठी निदान युनिकोडचा कन्व्हर्टर तेवढा मोकळा करा. दरपत्रक मात्र पुन्हा पाठवू नका.

आपला,
एक (बिलासकट) ग्राहक