साहेब कुठे बसतात?

दीपनगरच्या औष्णिक केंद्रात 500 मेगावॅटचा संच बंद पडला, की कुणाला धारेवर धरायचं हे चहाच्या टपरीवरही ठाऊक असतं. ब्लॉकचेनवरच्या ‘डाओ’ नावाच्या संस्थांत म्हणे साहेबच नसतो. सगळा कारभार टोकनधारकांच्या मतांवर.

जितकी टोकनं तितकी मतं, हे मात्र हळू आवाजात.

2016 मध्ये इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या ‘द डाओ’ या गुंतवणूक निधीतून सुमारे 36 लाख इथर (इथेरियमचं चलन) पळवले गेले, तेव्हा या बिनमालकाच्या वाड्यात एकाएकी वडीलधारे उगवले. जुलैत त्यांनी साखळीच वळवून पैसे परत आणले. ज्यांना पटलं नाही, त्यांनी ‘इथेरियम क्लासिक’ची वेगळी चूल मांडली. भाऊबंदकीच ती!

जळगावात रायसोनी पतसंस्थेत ठेवी अडकलेल्यांना जाब विचारायला निदान संचालक तरी होते. क्रिप्टोच्या गुंतवणूकदाराला नेमकं एकच कार्यालय सापडतं: 2022 पासून नफ्यावर 30 टक्के घेणारं आयकर खातं.