भुईकोटाच्या गावाला बर्फ चढलाय!

ऐकलंत का? ऐन गड्ड्याच्या यात्रेत निम्मी मित्रमंडळी गायब! संक्रांत तोंडावर, सिद्धेश्वरांच्या नंदीध्वजांची मिरवणूक निघालेली, आणि ज्यांनी पांढरीशुभ्र बाराबंदी घालून त्या गर्दीत मिरवायचं, ते महाशय थर्मलवर थर्मल चढवून उत्तराखंडात सांक्रीच्या शेकोटीपाशी बसलेले! कशासाठी? तर बर्फ तुडवायला! पदरचे पैसे मोजून, रजा टाकून, नाक लाल करून घ्यायला! काय म्हणावं याला?

बरं, आपलं गाव कोणतं? सोलापूर! मे महिन्यात पारा 44 अंशांना भिडतो, ते. डोंगर म्हणावा तर तुळजापूरचा घाट, तोही शेजारच्या जिल्ह्यात. किल्ला आहे म्हणा, पण तोसुद्धा भुईकोट! चढायला काही ठेवलेलंच नाही आपल्याला. अशा गावात हिमस्खलनावर प्रवचनं झडावीत? पूर्वी डफरीन चौकात दोघे भेटले की पहिला प्रश्न असायचा, "तुमच्याकडं पाणी आलं का बे?" आता विचारतात, "चमोलीला ऑरेंज आहे का बे?" घरचा नळ पाच दिवसांनी येवो नाहीतर आठ, चंदीगडच्या डीजीआरईनं हिमस्खलनाचा इशारा कोणत्या जिल्ह्याला दिला, पिवळा दिला की लाल, हे आमच्या गल्लीला सकाळच्या चहाआधी पाठ. संरक्षण खात्याची ती संस्था सीमेवरच्या जवानांच्या काळजीनं काम करते. तिला काय कल्पना, की तिचे सर्वांत निष्ठावंत वाचक जुळे सोलापुरात बसलेत!

एका वकीलसाहेबांनी तर कहर केला. बर्फ घसरायचा धोका 30 ते 45 अंशांच्या उतारावर सर्वांत जास्त, हे त्यांनी कुठंतरी वाचलं. झालं! मोबाइलमध्ये कोन मोजायचं ॲप घेतलं आणि दिसेल तो उतार मोजत सुटले. घरचा जिना भरला 33 अंश. तेव्हापासून वहिनी कपडे वाळत घालायला गच्चीवर निघाल्या की हे खालून ओरडतात, "एकेकानं जायचं! अंतर ठेवून!" वहिनींनी काय उत्तर दिलं ते इथं छापण्यासारखं नाही.

पण खरी शाळा भरते ती चाटी गल्लीतल्या एका चादरींच्या दुकानात. गिऱ्हाईक चादर मागतं, मालक आधी हिमशास्त्र दाखवतो. काउंटरवर पाच-सहा चादरी एकावर एक रचतो, मधे एक प्लॅस्टिकच्या पिशवीतली सरकवतो, त्यावर पुन्हा जाडजूड डबल चादरी. "हा खालचा जुना बर्फ. ही पिशवी म्हणजे कच्चा थर. वर हा नवा बर्फ, वाऱ्यानं दाबून बसवलेला. दिसायला कसा, पक्का! आता बघा हं." आणि काउंटरची फळी जरा तिरकी करून वर एक बोट टेकवतो. वरचा अख्खा गठ्ठा घसरून गिऱ्हाइकाच्या मांडीवर! "कळलं? बर्फ आपण होऊन क्वचित अंगावर येतो. बहुतेक वेळा अडकलेल्यानं किंवा त्याच्या जोडीदारानंच पाय दिलेला असतो. आणि गाडला गेला की हातात जेमतेम पंधरा मिनिटं!" गिऱ्हाईक घाबरून दोन चादरी जास्त घेतं. धंदा तेजीत आहे म्हणतात.

आता बाटलेल्यांची यादी काढायची का? अहो, कालपर्यंत "डोंगरावर काय ठेवलंय?" म्हणून नाक मुरडणारे एक निवृत्त मुख्याध्यापक केदारकंठा करून आले. 12,500 फूट! मध्यरात्रीनंतर उठून, टोपीला दिवे बांधून, पुढच्याच्या टाचेवर नजर ठेवून रांगेत चढले. सूर्य वर आला की बर्फ मऊ पडतो, म्हणून ही अपरात्रीची लगबग, हे आता तेच सगळ्यांना समजावतात. माथ्यावर आषाढीला लाजवील अशी दाटी, त्यात आमच्या मंडळींनी "हर्र बोला हर्र" ठोकून दिलं, कडक भाकरी मोडली, शेंगाचटणीची पुडी फोडली. शेजारचे दिल्लीकर बघतच राहिले. आता सर येता-जाता सांगतात, "केदारकंठा सोपा हो. पुढच्या वर्षी झंस्कारचा चादर ट्रेक." परवापर्यंत सरांना घरातला पंखा दोनवर सोसत नव्हता!

दोष तरी कुणाला द्यायचा? 2012 साली आपल्या आनंद बनसोडेंनी एव्हरेस्ट गाठलं, तेव्हाच गावाची मान ताठ झाली. पण त्यांनी त्यामागं वर्षं घातली होती. आमच्या मंडळींनी तुळजापूरचा घाट दोन रविवारी चालून काढला आणि वर देवीपुढं कबूल करून आले, की सराव झाला!

इथं थट्टा थोडी आवरतो. 4 ऑक्टोबर 2022 ला द्रौपदी का डांडा शिखराजवळ बर्फ सुटला, तो उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीवर. डोंगर चढायला शिकवणारी आणि शिकणारी माणसं ती. 29 जण गेले. त्यात सविता कंसवाल होती, त्याच वर्षीच्या मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू दोन्ही केलेली प्रशिक्षक. आणि आमचे नवे भक्त? नवा बर्फ पडलाय, एक-दोन दिवस थांबू, असं गाईड म्हणाला की यांची तोंडं वाकडी. "परतीचं तिकीट कन्फर्म आहे हो!" जॅकेट, काठी, बुटाखालचे काटे, सगळं सांक्रीत भाड्यानं मिळतं. गाईडचं ऐकायचे कान तेवढे घरून न्यावे लागतात.

त्यांना म्हणे रजा वाढवून मिळत नाही. मग गड्ड्याला बरी मिळायची!

आणि तुम्ही काय हसताय? जरा कपाट उघडा. ते नारिंगी फुगीर जॅकेट सोलापूरच्या कोणत्या थंडीसाठी घेतलंत? मोबाइलमध्ये हवामान बघताना सोलापूरच्या खाली दुसरं नाव कुणाचं आहे? रात्री सगळे झोपल्यावर बर्फ कोसळतानाचे व्हिडिओ बघता ते आम्हाला ठाऊक नाही होय? असो. पुढच्या थंडीच्या बॅचला नावं घेणं सुरू झालंय. यायचं तर लवकर सांगा, तारीख तेवढी गड्डा उरकल्यावरची धरा, आणि परतीच्या तिकिटाला दोन दिवस जास्तीचे ठेवा.