तीर्थरूप दादास, खंजीर पोचला

तीर्थरूप दादास,



पत्र उघड्यावर लिहिते आहे, कारण घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी काहीही लिहिलं की तू खाली एक हसरा चेहरा डकवतोस आणि विषय तिथेच संपतो. शिवाय असे दिलदार मामा एकट्या मंगरूळपीरच्या वाट्याला आले असतील असं काही मला वाटत नाही. इतर बहिणींनाही वाचू दे.

भाऊबीजेला तू समृद्धी महामार्गावरून शेलूबाजारला उतरलास आणि हातपाय धुण्याआधी गाडीचा वेग, टोलची रक्कम आणि एसीचं तापमान आम्हाला ऐकवलंस. आम्ही कौतुकाने ऐकलं. ओवाळणीत मला साडी मिळाली, रंगही बरा होता. मग तू 'पोरांसाठी खास' म्हणत दोन खोकी काढलीस. दहा वर्षांच्या भाचीला प्लास्टिकचा किचन सेट. त्यात गुलाबी चाकू, आणि चिकटपट्टीने जोडलेल्या दोन-दोन अर्धुकांचं गाजर, टोमॅटो, वांगं. चाकू फिरवला की चर्र आवाज होतो आणि वांगं दुभंगतं. आठ वर्षांच्या भाच्याला मात्र तू खंजीर दिलास.

शब्द जड वाटत असेल तर वर्णन करते. काळं पातं, पाठीवर करवतीचे दात, पोकळ मूठ. मुठीच्या टोपणात होकायंत्र, आत मासे धरायचा गळ, थोडा दोरा आणि मोजून चार आगकाड्या. खोक्यावर डोंगर, वादळ आणि एक दाढीवाला माणूस. मी शिवणाचा टेप लावून मोजलं, पातं दहा इंचांचं आहे. मुलगा तिसरीत आहे, दादा. त्याच्या कोपरापासून मनगटापर्यंत तरी दहा इंच भरतात का, हे तू खोकं निवडताना डोळ्यांसमोर आणायचं होतंस.

तू म्हणालास, "जंगलात अडकला तर कामी येईल." कोणत्या जंगलात? आपल्या जिल्ह्यात कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे, पण ते काळविटांचं. काळवीट माणूस दिसला की पळतं. जीव वाचवायची वेळ आलीच तर त्याच्यावर येईल. होकायंत्राचं म्हणशील तर बिरबलनाथ महाराजांचं मंदिर कुठे आणि हयात कलंदरांचा दर्गा कुठे, हे गावातल्या पोराला झोपेतही सांगता येतं. मासे धरायला तो अजून मोकळा झालेला नाही, त्याचे पाढे राहिलेत.

हे ध्यान मुळात कुठून आलं तेही मला ठाऊक आहे. 1982 साली 'फर्स्ट ब्लड' नावाचा सिनेमा आला. त्यातल्या रॅम्बोसाठी अमेरिकेतल्या आर्कन्सासच्या जिमी लाइल या कारागिराने पोकळ मुठीचा, पाठीवर करवत असलेला चाकू बनवला. त्या कारागिराचं काम चोख होतं. पुढे त्याच्या स्वस्त नकला जगभर निघाल्या, आणि त्यांतली एक माझ्या देवघराच्या बाजूला येऊन पडली. पोकळ मुठीची मेख अशी, की पात्याचं शेपूट मुठीत आरपार जात नाही, वरच्या वर अडकवलेलं असतं. जोर पडला की पातं मुठीतून निसटणार किंवा मोडणार. आपल्या विळ्याचं शेपूट लाकडात खोलवर ठोकलेलं असतं, हे तुला आठवत असेलच. आठवायला विळा हातात धरलेला असावा लागतो, ती गोष्ट वेगळी.

कायद्याचंही सांगून टाकते, कारण तुला कागदोपत्री गोष्टींचा सोस आहे. 1959 चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या चाकूंना शस्त्रांच्या यादीत बसवतात. घरकाम, शेती, विज्ञान आणि उद्योगासाठी बनवलेली हत्यारं तेवढी त्यातून वगळली आहेत. म्हणजे माझी भाजी चिरायची पावशी सुटली, शेतातला विळा सुटला. तिसरीतल्या मुलाची भाऊबीजेची भेट मात्र तलवारी-भाल्यांच्या पंगतीत जाऊन बसली. या पराक्रमाबद्दल तुझं अभिनंदन करावं की तुझ्यासाठी वकील बघावा, ते तूच कळव.

तू दुसऱ्या दिवशी सकाळी परत समृद्धीला लागलास. तोवर भाच्याने त्या करवतीने सोफ्याचा हात कापून पाहिला होता. सोफ्याला काहीही झालं नाही. खरं सांगायचं तर मला तिथेच शंका आली.

आठवडी बाजारात मी तो खंजीर घेऊन लोहाराकडे गेले. पिशवीतून काढला तेव्हा आजूबाजूची चार माणसं दोन पावलं मागे सरली. लोहाराने मात्र पातं अंगठ्याच्या पेराने तपासलं, ऐरणीच्या कडेला हलकेच वाजवून कान दिला आणि म्हणाला, "बाई, ह्याले पानीच नाही पाजलं. नुसता चमकते. ह्याच्यानं काकडी बी कटत नाही." मग थोडं थांबून, "पन काहून आनला? कोनाले माराचं हाये?" मी तुझं नाव सांगितलं नाही. भाऊ आहेस शेवटी.

पाणी पाजणं म्हणजे काय, हे तुला कुणी सांगितलं नसेल. लाल तापलेलं पातं एकदम थंड केलं की पोलाद कडक होतं. मग थोडी ऊब देऊन त्याचा ठिसूळपणा घालवायचा. ते साधलं तर धार टिकते, नाही साधलं तर पहिल्या कांद्याला वळते. तुझ्या खंजिराला धार लावली तरी ती टिकणार नव्हती, आणि आठ वर्षांच्या मुलाच्या हातात सगळ्यांत धोक्याचा तोच. बोथट पात्यावर जोर लावावा लागतो. जोर लावला की ते टोमॅटोच्या सालीवरून घसरतं, आणि घसरलेलं पातं डाव्या हाताच्या बोटांकडेच येतं. मुलाला चाकू द्यायचा तर धारदारच द्यावा, हे ऐकून तुला घाम फुटेल. फुटू दे.

त्या लोहाराने ट्रकच्या कमानपट्टीच्या तुकड्यातून दोन चाकू घडवून दिले. तीन इंच पातं, टोक कानशीने गोल केलेलं, बाभळीची मूठ मुलांच्या मुठीच्या मापाने तासलेली. मूठ आणि पातं जुळतात तिथे त्याने एक उंचवटा ठेवलाय, म्हणजे ओलं बोट पुढे सरकून धारेवर जात नाही. घडीचा चाकू त्यानेच नको म्हटलं. पातं अडकवून ठेवणारी कळ नसेल तर दाबताना ते उलट मिटतं आणि बोटांवरच मिटतं. लोहाराचा चाकू गंजेल, हे खरं. वापरून झाला की पुसायचा आणि खोबरेलाचा हात फिरवायचा. निम्मं शिक्षण त्या पुसण्यातच आहे. तू खंजिराला मोजलेल्या पैशांच्या पाव हिश्शात दोन्ही झाले.

दोन का? तर आता मुद्द्यावर येते, दादा.

तुझी भाची गेल्या वर्षापासून पावशीवर बसून भेंडी चिरते, कोबी चिरते, मेथी तर माझ्या वहिनीपेक्षा बारीक. तिला तू प्लास्टिकचं वांगं आणलंस. तुझ्या भाच्याला केळ्याचे दोन समान तुकडे करता येत नव्हते, त्याला तू खंजीर आणलास. यात तुझा दोष थोडा आणि आपल्या घराचा जास्त आहे. मला नववं लागलं तेव्हा आईने पावशी पुढ्यात सरकवली आणि पाय कसा दाबून धरायचा ते दाखवलं. त्याला खोकं नव्हतं, त्यावर डोंगर नव्हता, कुणी फोटो काढला नाही. तुझ्या हातात घरात एकच पातं आलं, खंडेनवमीचं. विळे, कुऱ्हाड, पावशी धुऊन मी ठेवायची आणि हळदकुंकू तू लावायचास. म्हणून तुला अजूनही वाटतं की पातं पूजेला असतं नाहीतर लढाईला. कांद्याला असतं हे तुझ्या कानावर आलेलं नाही.

आणि सोंगणीच्या दिवसांत शेलूबाजारच्या रस्त्याने जाताना तू काच खाली केली असतीस तर सोयाबीनच्या वावरात तुझ्या भाच्याच्याच वयाची पोरं विळा घेऊन वाकलेली दिसली असती. त्यांचा पहिला चाकू कुणी निवडत नाही. मोठ्याचा विळा, मोठ्याची मूठ, आणि वाळलेल्या शेंगांनी सोललेला हात. कायद्याने चौदाच्या आतल्या मुलाला मजुरीला लावता येत नाही. घरच्या कामात मदत करायची तर तीही शाळा सांभाळून. शाळेचा पट त्या दिवसांत वेगळंच सांगतो. त्या पोरांच्या हातात धार आहे, पण शिकवणारं कुणी नाही. तुझ्या भाच्याला शिकवायला घरभर माणसं होती आणि तू त्याला होकायंत्र दिलंस.

परदेशाचं नाव घेतलं की तुला पटतं, म्हणून सांगते. ज्या स्विस कंपनीचा चाकू तू किल्ल्यांसोबत कमरेला लटकवतोस, ती लहान मुलांसाठी गोल टोकाचा चाकू वेगळा काढते. 1890 पासून चाकू बनवणारे फ्रान्सचे ओपिनेलवाले मुलांच्या स्वयंपाकाच्या चाकूला बोट अडकवायची कडी लावतात. स्वीडनमध्ये 'मोरा' नावाचे चाकू मुलांच्या हाती येतात ते लाकूड तासायला. यांतल्या कुणीही मुलाचा पहिला चाकू दहा इंचांचा केलेला नाही. इतकं लांब जायचं नसेल तर सेवाग्रामला जा, समृद्धी तुला तिकडेही नेईल. 1937 च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण मांडलं. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही मुलगे-मुली दोघंही स्वयंपाकघरात काम करतात. भाजी चिरताना मुलग्यांची मर्दानगी कमी झाल्याची तक्रार माझ्या तरी कानावर नाही.

आमच्याकडे काय चाललंय ते ऐक. पाटाखाली ओलं फडकं, म्हणजे पाट सरकत नाही. आधी केळं, मग उकडलेला बटाटा, मग काकडी. काकडी उभी चिरून सपाट बाजू खाली ठेवायची, म्हणजे ती लोळत नाही. डाव्या हाताची बोटं आत वळवलेली, पातं बोटांच्या सांध्याला टेकून चालतं. चाकू हातात द्यायचा नाही, पाटावर ठेवायचा, समोरच्याने उचलायचा. पडला तर धरायला जायचं नाही, मागे उडी मारायची. ही उडी त्याला इतकी आवडली की पहिले दोन दिवस चाकू वरचेवर पडत होता. शिकवते ती त्याची बहीण. मी फक्त शेजारी बसते आणि तोंड बंद ठेवते, ते मला जास्त जड जातं. एकदा अंगठ्याला कापलं. हळद दाबली, तो दोन मिनिटं रडला, आणि मग राहिलेली काकडी त्यानेच संपवली.

तुझा खंजीर माळ्यावर आहे, गळ आणि होकायंत्रासकट. प्लास्टिकचं वांगं धाकट्या जावेच्या दीड वर्षाच्या बाळाला दिलं, ते त्याला मनापासून चावतं.

पुढच्या भाऊबीजेला येशील तेव्हा खोकं आणू नकोस, दोन दिवसांची रजा आण. वांग्याची भाजी करायचं ठरलंय आणि पाच माणसांचा कांदा लागेल. चिरायला तुला बसायचं आहे. येत नसेल तर भाचा शिकवील, त्याला आता येतं.

तुझी धाकटी बहीण,
मंगरूळपीर