डावा कोपरा, पोलादपूर

महाडच्या स्टँडवर पोलादपूरची गाडी लागली तेव्हा मला खिडकी हवी होती. वाटेत सावित्री नदी बघायची होती. मिळाली ती तिघांच्या बाकावरची मधली जागा. खिडकीत एक तरुण, कडेला दुसरा, दोघांच्या मांडीवर एकेक फुगलेली पिशवी.

गाडी हायवेला लागली आणि खिडकीवाला खिन्नपणे म्हणाला, "कव्हर येळेवर आला असता तर तो मेला नसता."

मला वाटलं, विम्याची भानगड आहे. मी चेहरा लांब करून विचारलं, "कधी झालं?"

"काल रात्री नऊला."

"घरच्यांना कळलं?"

"कळायचं काय? सगळी टीव्हीपुढंच बसली होती."

मग कळलं की मृत्यू कबड्डीतला होता. त्यात मेलेला गडी दोन मिनिटांत जिवंतही होऊ शकतो. कोपऱ्याने चढाईवाल्याचा घोटा धरला, पण शेजारचा कव्हर मदतीला आला नाही. चढाईवाला कोपऱ्याला फरफटत घेऊन मध्यरेषेवर टेकला आणि कोपरा बाद.

"चूक कोपऱ्याची," कडेचा म्हणाला. "साखळीची वाट न बघता घाई कशाला?"

"चूक कव्हरची!"

अमेरिकेतला माझा भाचा सांगतो, तिकडच्या फुटबॉलात चेंडू फेकणाऱ्याला दोन-तीन सेकंद निवांत मिळावेत म्हणून पाच धिप्पाड गडी पुढे भिंतीसारखे उभे राहतात, आणि भिंत कोणामुळे पडली यावर लोक आठवडाभर भांडतात. मला ते नवल वाटायचं. आता महाड ते पोलादपूर या वीसेक किलोमीटरांत तेच भांडण दोन्ही कानांनी ऐकत होतो.

खिडकीवाला यू मुंबा या कबड्डी संघाचा चाहता, कडेचा पुणेरी पलटणचा. पोलादपूरला हे शोभतंच. तिथून एक रस्ता मुंबईला जातो, दुसरा आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरमार्गे पुण्याकडे. ज्याचा काका ज्या गावी नोकरीला, त्याचा तो संघ.

"2015 ला चषक आणला आम्ही!" खिडकी म्हणाली.

"त्यानंतर काय आणलं? आम्ही 2024 ला आणला. हरयाणाला 28-25 नं लोळवून!"

"दहावा हंगाम उजाडला तेव्हा! आणि आमचा फझल अत्राचली नेलात, तेव्हा कुठं 2022 ला फायनल बघितलीत. ती पण जयपूरनं काढून घेतली."

इराणचा हा डावा कोपरा 2023 मध्ये गुजरातला गेला, हे मी भीत भीत सांगितलं. तेवढ्यापुरते दोघे एक झाले आणि माझ्याकडे असे बघू लागले की, फझलला गुजरातच्या गाडीत मीच बसवून दिलं असावं.

इतक्यात कंडक्टरची चढाई सुरू झाली. "तिकीट तिकीट तिकीट" असा अखंड दम धरून तो उभ्या प्रवाशांच्या भिंतीत घुसला, टोपलीवाल्या मावशींना हुलकावणी दिली, वाटेतला कोंबडीचा खुराडा हनुमान उडीने पार केला आणि दम न तुटता आमच्या बाकाला टेकला. असा चढाईवाला लिलावात कसा नाही, याचं मला आश्चर्य वाटलं.

मग प्रात्यक्षिक झालं. चढाईवाला अर्थात मी. खिडकीवाल्याने बाकाखाली वाकून माझा घोटा धरला आणि ओरडला, "आता ये!" कडेचा आला नाही. तो हात हवेत नाचवत पलटणचा बचाव समजावत होता. मी चपलेसह निसटलो. दोन्ही संघांविरुद्ध मिळवलेला माझा आयुष्यातला हा एकमेव गुण.

पुढच्या बाकावरचे आजोबा मागे वळले. "पोरांनो, आपल्या उमरठच्या तानाजीला विसरलात? कोंडाण्यावर गडी पडला, मावळे माघारी पळाय लागले. तवा सूर्याजीनं परतीचे दोर कापले नि सगळ्यांना फिरवलं, असं सांगतात. त्याला म्हणायचं कव्हर!"

यावर काय बोलणार? गाडीत पहिल्यांदा शांतता झाली. सावित्री दिसली का, ते मात्र विचारू नका.

पोलादपूरला तिघेही उतरलो. "आता कुठं?" मी विचारलं.

"गावाला. रात्री सामने हायत, लायटीवर."

"बघायला?"

"बघायला कशाला? खेळायला!" दोघांनी पिशव्या उघडून दाखवल्या. दोन्हींत एकाच रंगाच्या बनियनी, पाठीवर एकाच ग्रामदैवताचं नाव.

"मी डावा कोपरा," मुंबावाला म्हणाला.

"मी त्याचा कव्हर," पलटणवाला म्हणाला.

"अरे वा! गेल्या वर्षी कुठपर्यंत गेला होतात?"

"पहिल्याच फेरीत हरलो," दोघे एका सुरात म्हणाले आणि दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.