डेन्सिटीकाका

नागपूरच्या दर कॉलनीत एक डेन्सिटीकाका असतात. वास्तुपूजनाला आले की देवाच्याही आधी त्यांचा हात नव्या टीव्ही युनिटवर पडतो. टकटक. मग शटर उघडून बिजागरीच्या स्क्रूपाशी नाक. नखानं कड खरवडणं. हुंगणं. घरची सून सांभारवडीची प्लेट धरून ताटकळलेली.

"सुतारानं किती डेन्सिटीचा पार्टिकल बोर्ड सांगतला होता?"

सुतारानं फक्त भाव सांगितलेला असतो.

"कटपीस असन न एखादा? आन बरं."

काका पिशवीतून ताणकाटा काढतात. हा काटा लग्नालाही सोबत असतो. फूटभर लांब, फूटभर रुंद, 18 मिलिमीटर जाड तुकडा किलोभर भरला, तर घनमीटरला 600 किलो. पास. पाऊण किलोवर काटा थांबला, की काका चष्मा काढतात.

"भारतीय मानक आयएस 3087 काय म्हन्ते? 500 ते 900. अन् हे तं पोहे दाबून केलं बाप्पा!"

हलक्या बोर्डात पोकळी फार, स्क्रू धरत नाही, ओझ्यानं फळी वाकते, हे ते यजमानाला त्याच्याच पुस्तकांच्या फळीसमोर ऐकवतात. जड बोर्ड घेतला असेल तरी सुटका नाही. "जास्त दाबलेला हाय. एकदा पानी मुरलं, का जास्त फुगन."

खरं वैर कूलरशी. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि घरोघरी ताट्या ठिबकू लागतात. तेव्हा काका कूलरची जागा बघून युनिटचं आयुष्य वर्तवतात. युरिया फॉर्मल्डिहाइडचा सरस ओलीला टिकत नाही. मेलामाइन घातलं असेल तर तग धरतो. शिवाय एखादा टक्का मेण हवं. ते पाणी अडवत नाही, नुसतं उशिरा आत सोडतं. ऐकणारा तोवर कूलर सरकवायला उठलेला असतो.

त्यांचा आवाज मऊ होतो तो फक्त पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या काड्यांच्या विषयावर. कापूस वेचून झाला की विदर्भात त्या चुलीत जातात किंवा शेतातच पेटवतात. मुंबईच्या 'सिरकॉट' या कापूस संशोधन संस्थेनं त्यांच्यापासून पार्टिकल बोर्ड करून दाखवला, हे सांगताना काकांचा ऊर भरून येतो. "आपल्या वावरातला बोर्ड! अन् तुमी कुठला आनता?" दुकानात तो कुठे मिळतो, हा प्रश्न मात्र त्यांना आवडत नाही.

काकूंना विचारलं, घरी हे कसं चालतं हो? त्या म्हणाल्या, "यांच्यात मेण जास्त पडलं. काही सांगा, आत मुरतच नाही."

काका गंभीर झाले. "मेन जास्त झालं तं सरसाची पकड सुटते," ते म्हणाले, आणि काकूंच्या नव्या देव्हाऱ्यावर टकटक करू लागले.