दाराआडचा माणूस

विकत घ्यायचं नसलेलं घर बघायला जाणं हा आमच्या घराण्याचा जुना छंद. रविवारी संध्याकाळी इस्त्रीचे कपडे घालून एखाद्या नव्या स्कीमचा सॅम्पल फ्लॅट बघायचा, बिल्डरचं सरबत प्यायचं, 'घरी बोलून कळवतो' म्हणायचं आणि येताना भेळ खायची. व्हर्च्युअल टूर निघाल्यापासून सरबत तेवढं बुडालं, बाकी सगळी सोयच झाली. आता रात्रीची जेवणं उरकली की आम्ही मोबाइलवरून टीव्हीवर बाणेरचा फोर बीएचके लावतो आणि त्यात फिरत फिरत बडीशेप खातो.

फिरणं सोपं आहे. फरशीवर पांढरे गोल दिसतात. गोलाला बोट लावलं की आपण घसरत तिथे पोचतो. फक्त कुठे पोचायचं यावर घरात एकमत नसतं. बायकोला थेट ओट्यापाशी जायचं असतं, मुलाला गच्चीत, आणि मला आधी पायाखाली बघायचं असतं. कारण खाली कॅमेऱ्याचा स्टँड असतो आणि तो झाकायला तिथे बिल्डरचा गोल लोगो चिकटवलेला असतो. दिवाणखान्यात जा, बेडरूममध्ये जा, आपण सतत बिल्डरच्या नावावर पाय देऊन उभे! हप्ते भरणाऱ्याला एवढं समाधान क्वचितच मिळतं.

पण खरी गंमत फोटोग्राफरची. हा कॅमेरा म्हणजे पाठीला पाठ लावलेली दोन भिंगं. प्रत्येक भिंगाला अर्ध्याहून थोडं जास्तच जग दिसतं. दोन्ही चित्रं कडेला जोडली की 360 अंश पुरे. थोडक्यात, या कॅमेऱ्याला मागची बाजूच नाही. मग फोटोग्राफरने उभं राहायचं कुठे? तो बिचारा हातातल्या मोबाइलवर बटण दाबतो आणि लपतो. हॉलचा फोटो निघत असताना तो बाथरूममध्ये, बाथरूमचा निघत असताना स्वयंपाकघरात. म्हणजे त्या चकचकीत, निर्मनुष्य घरात कुठल्या ना कुठल्या दाराआड एक माणूस श्वास रोखून उभा असतोच. हे सांगितल्यापासून बायको टूरमध्ये बंद दार दिसलं की आधी मला पुढे करते. एका हॉटेलच्या टूरमध्ये तर कपाटाच्या आरशात तो आम्हाला सापडलाच. एक कोपर आणि अर्धी चप्पल.

अजून न बांधलेल्या घरांत मात्र हाही सोबतीला नसतो. तिथलं सगळं कॉम्प्युटरने काढलेलं. सासूबाईंना असं घर दाखवायला बिल्डरच्या ऑफिसात डोळ्यांवर चढवायचा तो मोठा चष्मा दिला, तेव्हा चष्मा घालण्याआधी त्यांनी चपला काढल्या. आत गेल्यावर पहिला प्रश्न, "पूर्व कुठली?" ऊन चारही दिशांच्या खिडक्यांतून आत येत होतं, त्यामुळे सेल्समनलाही नक्की सांगता येईना.

या भिंगांतून दहा बाय दहाची खोली लग्नाच्या हॉलसारखी दिसते. मी त्यावर डोळा ठेवत नाही, आकड्यावर ठेवतो. 2017 साली महारेरा आलं आणि 'सुपर बिल्टअप'च्या पोटात जिना, लॉबी न् पोहण्याचा तलाव दडवणाऱ्यांची पंचाईत झाली. आता भाव कार्पेट एरियाचा. 2023च्या ऑगस्टपासून महाराष्ट्रातल्या प्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा आहे. तो स्कॅन करावा आणि मग खुशाल हॉलमध्ये वऱ्हाड बसवावं. रेरा कायद्याच्या 12व्या कलमात तर खोटी जाहिरात किंवा नमुन्याचा फ्लॅट बघून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाईची सोय आहे. आम्ही पैसेच भरत नसल्यामुळे या कलमाचा लाभ अजून घेता आलेला नाही.

माझी तक्रार आकाराची नाहीच. माझी तक्रार अशी, की या घरांत कोणी राहत असल्याची एकही खूण नसते. सिलिंडर नाही, दाराशी चपला नाहीत, फ्रिजवर औषधांचा डबा नाही. ओट्यावर हिरवी सफरचंदं मात्र ढिगाने. इतकी सफरचंदं आमच्याकडे कोणी हॉस्पिटलातून घरी आलं तरच जमतात. आणि कपडे? कोट्यवधींच्या बाल्कनीत एक टॉवेल वाळत घातलेला दिसेल तर शपथ.

म्हणून तारकर्लीला जायचं ठरलं आणि तिथल्या एका हॉटेलची टूर आमची खोलीच्या छतापासून कमोडपर्यंत पाहून झाली, तरी बायकोने फोन लावलाच.

"समुद्रावरून आलं की ओले कपडे वाळत घालायला दोरी आहे का हो?"

"मॅडम, तुम्ही आमची टूर नाही बघितली?"

"बघितली ना. म्हणून तर विचारतेय."

पलीकडे क्षणभर शांतता. मग मॅनेजर प्रमाण मराठी सोडून एकदम मोकळा झाला.

"दोरी आसा ओ मॅडम! फोटोवालो इल्लो तेव्हा सोडून ठेवलेली. तो गेलो तसा परत बांधलंय."