कठड्याची उंची आणि वाघाची वर्तणूक

प्राणिसंग्रहालयातील गज नाहीसे करण्याचे श्रेय जर्मन प्राणिव्यापारी कार्ल हागेनबेक यांना दिले जाते. 1907 मध्ये हॅम्बुर्गजवळ श्टेलिंगेन येथे त्यांनी उघडलेल्या उद्यानात गजांची जागा खंदकाने, म्हणजे प्राण्याला ओलांडता येणार नाही अशा रुंद व खोल चराने, घेतली. आणि हा चर प्रेक्षकाच्या नजरेस पडू नये अशा बेताने खोदलेला असल्यामुळे सिंह मोकळाच फिरत असल्याचा भास होऊ लागला. सिंहाला चार पावले अधिक चालायला मिळाली हे खरे, परंतु मोठा दिलासा मिळाला तो प्रेक्षकाला, कारण आपण तुरुंग पाहायला आलो आहोत ही गजांमुळे लागणारी बारीकशी टोचणी कायमची थांबली.

या सोयीचा दुष्परिणाम एवढाच की, जे दिसत नाही ते अस्तित्वातच नाही, असे प्रेक्षकाला वाटू लागते. 23 सप्टेंबर 2014 रोजी दिल्लीच्या राष्ट्रीय प्राणी उद्यानात एक तरुण पांढऱ्या वाघाच्या खंदकात पडला. विजय नावाचा तो वाघ काही मिनिटे त्याच्यासमोर उभा राहिला, वर जमलेल्या समुदायाने मोबाईलवर चित्रीकरण आणि वाघावर दगडफेक अशी दुहेरी मदत केल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली, आणि अखेरीस वाघाने त्या तरुणाला मानेला धरून ओढत नेले, त्यातच त्याचा मृत्यू झाला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 यानुसार प्राणिसंग्रहालयातील प्राण्याला चिडवणे किंवा इजा करणे हा गुन्हा आहे व त्यासाठी त्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद होती. दगड मारणाऱ्याचा हेतू परोपकाराचा असेल तर काय करावे, याविषयी अधिनियम मौन पाळतो. तरुणाने कठडा ओलांडला होता आणि वाघाचे आवार पूर्णतः सुरक्षित आहे, असा निर्वाळा प्रशासनाने दिला. हा निर्वाळा शब्दशः खरा मानावा लागतो, कारण खंदक वाघाने बाहेर येऊ नये म्हणून असतो, आणि वाघ बाहेर आला नव्हता.

त्यानंतरच्या चर्चेत वाघाच्या वर्तणुकीची कसून छाननी झाली: त्याने पंजा लावला तो कुतूहलाने की रागाने, तो भुकेला होता की घाबरला होता. तो तेथे का होता, हा प्रश्न मात्र मागे पडला. वन्य प्राणी कोंडून ठेवण्याचे समर्थन आज अधिवासबाह्य संवर्धन या संकल्पनेने, म्हणजे दुर्मिळ जातीचे प्राणी त्यांच्या मूळ वस्तीबाहेर सांभाळून त्यांचा वंश टिकवण्याच्या उद्दिष्टाने, केले जाते, आणि काही जातींच्या बाबतीत ते निश्चितच रास्त आहे. परंतु पांढरा वाघ ही वेगळी जात नव्हेच. तो नेहमीचाच वाघ असून त्याचा रंग अप्रभावी जनुकामुळे, म्हणजे आई व बाप या दोघांकडून आले तरच प्रकट होणाऱ्या जनुकामुळे, पांढरा होतो. 1951 मध्ये रीवाच्या जंगलात पकडलेल्या मोहन या वाघाचा त्याच्याच मुलीशी, राधाशी, संयोग घडवून 1958 मध्ये पांढरे बछडे मिळवण्यात आले, आणि पुढे ही भाऊबंदकी पिढ्यान्‌पिढ्या चालवून प्रेक्षकांचा ओघ राखला गेला. ज्या नात्यात माणसांचे लग्न ठरवल्यास सोयरे दारात उभे राहणार नाहीत, त्या नात्याला या क्षेत्रात प्रजनन कार्यक्रम म्हणतात.

कठड्यांच्या बाबतीत शास्त्र अधिक काटेकोर आहे, निदान अपघातानंतर तरी. 25 डिसेंबर 2007 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात तातियाना ही वाघीण आवाराबाहेर आली, तिने एकाचा जीव घेतला व दोघांना जखमी केले, आणि पोलिसांनी तिला गोळ्या घातल्या. भिंत 18 फुटांची असल्याचे प्रथम सांगण्यात आले, मग कोणी तरी टेप लावली तेव्हा ती साडेबारा फुटांच्या आसपास भरली, आणि शिफारस होती 16.4 फुटांची. भिंत 1940 च्या सुमाराची होती, म्हणजे मोजण्यास पुरेसा अवधी मिळाला होता.

सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात 28 मे 2016 रोजी तीन वर्षांचा मुलगा गोरिलांच्या खंदकात पडला तेव्हा हरांबे या 17 वर्षांच्या गोरिलाला ठार मारण्यात आले. बेशुद्धीचे औषध भिनायला काही मिनिटे लागतात, आणि तेवढ्या मिनिटांत मुलाच्या जिवाची हमी कोणालाच देता आली नसती, त्यामुळे त्या क्षणीच्या निर्णयाला दोष देणे अवघड आहे. त्याआधीच्या 38 वर्षांत तेथे असा प्रकार घडला नव्हता, हे प्रशासनाने आवर्जून नमूद केले. दहा दिवसांनी तो विभाग पुन्हा खुला झाला, त्या वेळी कठडा 42 इंचांचा करण्यात आला होता, खालच्या बाजूला दोरीची जाळी लावण्यात आली होती, आणि देखरेखीचे कॅमेरेही बसवण्यात आले होते, जेणेकरून पुढील घटनेच्या चित्रीकरणासाठी प्रेक्षकांच्या मोबाईलवर विसंबून राहावे लागू नये.